भिकार-सावकारची चुरस, मंगाच्या सोळा पृष्ठांत

पत्त्यांच्या डावावर विनोदी मंगा, म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा, काढायची ठरली की हात आपसूक मेंढीकोटाकडे जातो. तो मोह टाळा. चार भिडू, हुकूम, चार दश्श्यांचा हिशेब, तेरा हात. एवढं वाचकाला समजावेपर्यंत सहा पृष्ठं खर्ची पडतात आणि खरा डाव सुरू व्हायच्या आत हसू वाळून जातं. शिवाय मेंढीकोटात खेळणाऱ्याला खरंच डोकं चालवावं लागतं. आपल्याला उलटं हवंय. खेळणाऱ्याच्या हातात काहीच नाही असा डाव, आणि तो जिवाच्या कराराने खेळणारी माणसं. असा डाव घराघरात आहे: भिकार-सावकार.

दोघांत ५२ पत्ते, प्रत्येकी २६. जोकर बाजूला. गड्डी उपडी हातात धरायची, वरचा पत्ता उलटून मधे टाकायचा. आधीच्या पत्त्याशी आकडा जुळला, मग रंग कुठलाही असो, की मधला सगळा ढीग टाकणाऱ्याचा. तो उपडा करून आपल्या गड्डीखाली लावायचा. सगळे पत्ते ज्याच्याकडे जमले तो सावकार. नियम इथेच संपतात. पुढचा पत्ता कुठला हे दोघांनाही माहीत नसतं आणि बदलताही येत नाही. म्हणून नायकाने कपाळाला आठ्या घालून केलेला प्रत्येक विचार आपोआप मजेशीर होतो. वेगळा विनोद घुसवावा लागत नाही. घुसवला तर डाव बिघडतो.

शब्दांची एक सोय आधी करून घेऊ. ‘पान’ पत्त्यालाही म्हणतात आणि पुस्तकाच्या पानालाही. ‘चौकट’ हा पत्त्यांचा रंगही आहे आणि चित्रकथेतला चौकोनही. इथे पत्ता, पृष्ठ आणि पॅनेल हे तीन शब्द वापरले आहेत. संवादांत मात्र पात्रांना ‘पान टाक’ असंच बोलू द्या.

पैज आणि जागा

पैज लहान हवी, डोळ्यांना दिसणारी हवी आणि त्या घरातल्या सगळ्यांना हवीहवीशी वाटणारी हवी. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. तेव्हा दुपारी जेवणानंतर कूलरसमोर कोण आडवं होणार, याहून मोठी पैज त्या घरात नाही. पैशांची पैज नको. पैसे आले की वाचक हरणाऱ्याची काळजी करू लागतो आणि हसायचं थांबतो. शेंगाचटणीबरोबरची शेवटची कडक भाकरीही पैज म्हणून चालेल, पण भाकरी स्वतःहून काही करत नाही. कूलर वारा सोडतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. पैजेची वस्तूच डावात ढवळाढवळ करू शकते, आणि शेवट तिथूनच निघतो.

खेळणारे दोघे: बारा वर्षांचा नातू आणि इरकल लुगड्यातली, जाड भिंगांचा चष्मा लावणारी आज्जी. बघे दोन: नातवाची धाकटी बहीण आणि बाजेवर तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपलेला मिशाळ काका. पाचवं माणूस आणू नका. जागा सोलापूरच्या पूर्व भागातली, जिथे भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतो. जागा ओळखू यावी म्हणून खिडकीतून सिद्धेश्वराचं देऊळ किंवा भुईकोट किल्ला दाखवायचा मोह होईल. तो सोडा, पूर्व भागातल्या घराच्या खिडकीतून ते दिसत नाहीत, आणि सोलापूरचा वाचक पहिल्याच पृष्ठावर तुमच्यावरचा विश्वास गमावतो. मागाचा पत्र्याचा शेड, शहाबादी फरशी, कोनाड्यातला तांब्या आणि डावासाठी अंथरलेली चादर पुरेशी आहे.

चादरीबद्दल सावध राहा. सोलापुरी चादरीची जेकॉर्ड नक्षी पूर्ण काढायला बसलात तर एका पॅनेलला दोन तास लागतील, आणि वर ठेवलेला पत्ता नक्षीत हरवेल. नक्षी फक्त पृष्ठ २ वर, डाव मांडताना एकदा नीट काढा: काठ, त्याच्या आतली पट्टी, मधली आकृती. पुढे सगळीकडे काठाच्या दोन समांतर रेघा आणि दशा एवढंच. पत्त्याभोवती बोटभर जागा पांढरी सोडा. वाचकाचं मन उरलेली नक्षी स्वतः भरून घेतं.

कागद आणि पृष्ठांचा हिशेब

चार ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी छापून मधे दुमडले की ए-फाइव्ह आकाराची १६ पृष्ठं होतात. मूळ चित्र ए-फोरवर काढा आणि झेरॉक्सवाल्याला ७१ टक्के करायला सांगा; ए-फोरचं ए-फाइव्ह बरोबर तेवढ्यात होतं. आतली हद्द १७० × २५० मिलिमीटर आखा. कडेपर्यंत जाणारं चित्र टाळा, कारण झेरॉक्स यंत्र कागदाच्या कडेला काही मिलिमीटर कोरे सोडतं आणि काळा रंग मधेच कापल्यासारखा दिसतो.

पेन ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. ०.१ ची रेघ लहान होताना तुटते. आधी चष्म्याच्या काड्या आणि पत्त्यावरचे आकडे नाहीसे होतात. बाह्यरेषेला ०.५, पॅनेलला ०.८, काळ्यासाठी ब्रश-पेन. निब वापरत असाल तर जी-पेनची रेघ दाबाप्रमाणे जाड-बारीक होते आणि हात जिवंत दिसतात, पण आपल्याकडच्या साध्या ड्रॉइंगच्या कागदावर शाई फुटते. आधी कोपऱ्यात रेघ ओढून बघा.

जपानी मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात. मराठीत तसं करू नका. फुग्यातला मजकूर डावीकडून उजवीकडे आणि पॅनेल उलटे, यात वाचक दर पृष्ठाला अडखळतो आणि चुरशीचा नेमका क्षण चुकतो. डावीकडून सुरुवात केली की विषम पृष्ठं उजव्या हाताला येतात. म्हणजे वाचक पृष्ठ उलटतो ते ७ वरून ८ वर, ९ वरून १० वर, १३ वरून १४ वर. लपवायचं ते विषम पृष्ठाच्या शेवटच्या पॅनेलमध्ये, उघड करायचं ते सम पृष्ठाच्या वरच्या भागात. पत्त्यांच्या डावाला ही देणगीच आहे, कारण पत्ता उलटणं आणि पृष्ठ उलटणं ही एकच हालचाल आहे. वाचकाच्या बोटांकडून नातवाचा पत्ता उलटवून घ्यायचा.

उलट घडलं तर? जुळलेला पत्ता पृष्ठ ९ वर ठेवलात तर ८ उघडताक्षणी डोळ्याच्या कोपऱ्यातून तो दिसून जातो. मग समोरच्या पृष्ठावर कितीही घाम गाळला तरी उपयोग नाही.

मधलं ८-९ हे एकमेव जोडपृष्ठ एकाच कागदावर सलग येतं. बाकी प्रत्येक जोडीत दोन वेगळे कागद शेजारी येतात आणि चित्र मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतं. म्हणून सर्वांत मोठं चित्र ८-९ वरच. ते दोन ए-फोर जोडून काढा आणि ७१ टक्क्यांनी ए-फोरवर आणा.

आडव्या ओळींमधली मोकळी पट्टी ७ मिलिमीटर, एकाच ओळीतल्या दोन पॅनेलमधली ३ मिलिमीटर. हा फरक शोभेसाठी नाही. जवळची पॅनेल एकत्र वाचली जातात आणि वाचक चुकून खालच्या ओळीत उतरत नाही.

पृष्ठांची आखणी

चित्राला हात लावण्याआधी सोळाही पृष्ठांचा कच्चा आराखडा काढा. जपानी चित्रकार याला ‘नेमु’ म्हणतात. एका ए-फोरवर आठ चौकोन, असे दोन कागद. माणसं म्हणजे नुसती अंडी, पण फुग्यांतला मजकूर पूर्ण लिहिलेला हवा.

पहिलं मुखपृष्ठ. २ वर घर, ऊन, चादर, कूलर. ३ वर पैज आणि अडकित्ता. या अडकित्त्यावर सगळा शेवट टांगलेला आहे, म्हणून तो इथे नीट पेरा. कूलरच्या वाऱ्याने पत्ते उडतात, म्हणून आज्जी ढिगावर अडकित्ता ठेवते. पुढे प्रत्येक पत्त्याला तीन हालचाली: अडकित्ता उचल, पान टाक, अडकित्ता ठेव. पृष्ठ ४ वर हे चार वेळा, चार सारख्या पॅनेलमध्ये, शब्दाविना दाखवा. तिथेच आज्जीचा एक छोटा पत्ता जुळू द्या, पंजीवर पंजी, म्हणजे नियम सांगण्याऐवजी दिसतो.

५ आणि ६ वर खोटी जुळणी. मधे नश्शी पडली आहे. नातू पत्ता टाकतो आणि ओरडतो, ‘नश्शी!’ पृष्ठ ५ इथेच संपवा. पृष्ठ उलटल्याशिवाय ६ दिसत नाही, त्यामुळे धक्का टिकतो. ६ वर आज्जी त्याचा अंगठा बाजूला करते: छक्की. पत्त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात आकडा सरळ असतो आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात तोच उलटा. अंगठ्याने वरचा कोपरा झाकला की खालची उलटी छक्की नश्शी वाटते. वाचकाला फसवायचं, पण फसवणूक प्रामाणिक हवी. नश्शीच्या बरोबर मधोमध एक ठिपका असतो, छक्कीचा मध रिकामा असतो. तो रिकामा मध पृष्ठ ५ वर दिसू द्या. पुन्हा मागे जाऊन बघणारा वाचक खूश होतो आणि अशा वाचकासाठीच हा प्रकार आहे.

७ वर नातवाचं गणित, त्याबद्दल पुढे. ८-९ वर सत्तीवर सत्ती, ढीग नातवाचा. या चित्रात हात, पत्ता, फाटलेली हवा, आणि कोपऱ्यात नखाएवढी, अजिबात न हललेली आज्जी. ९ च्या शेवटच्या पॅनेलमध्ये नातू कमरेवर हात ठेवून हसतो. १० उघडलं की लाइट गेलेली. माग थांबलेला, कूलर थांबलेला. जिंकायची वस्तूच बंद पडली आहे आणि तरीही कुणी उठत नाही.

११ वर आज्जी ढिगावरचा अडकित्ता उचलते आणि सुपारी कातरायला घेते. वारा नाही, मग वजन कशाला. हे पॅनेल लहान ठेवा, ओळीच्या मधे, आणि त्याच ओळीत नातवाचा मोठा चेहरा द्या, म्हणजे वाचक बघूनही पुढे जाईल. १२ वर उकाडा, एकेक पत्ता, फार सावकाश. मधे पडलेला इस्पिकचा राजा. १३ च्या शेवटी आज्जीच्या बोटांत अर्धा उलटलेला पत्ता, फक्त पाठ आणि एक कड दिसते.

१४ पूर्ण पृष्ठभर एकच चित्र. बदामचा राजा राजावर पडतो त्याच क्षणी लाइट येते, कूलर घर्र करून सुरू होतो आणि ५२ पत्ते हवेत. अडकित्ता आज्जीच्या हातात. १५ वर दोन्ही मुलं बाजेखाली, कपाटाखाली पत्ते शोधतायत आणि आज्जी कूलरसमोर उशी टेकून सुपारी चघळते आहे. पुरावा उरलेला नाही, त्यामुळे भांडणही नाही. तिने मुद्दाम केलं का, याचं उत्तर शब्दांत देऊ नका. १६ वर एकच पॅनेल: ५१ पत्ते नीट रचलेले, वर अडकित्ता, मागे काका अजून झोपलेला आणि त्याच्या छातीवर बदामचा राजा. नेहमीच्या पत्त्यांत चार राजांपैकी फक्त बदामच्या राजाला मिशा नसतात. काकाच्या मिशा पृष्ठ २ पासून झुबकेदार काढत आलात तर हे शेजारपण कुणी सांगितल्याशिवाय दिसतं.

एकंदर साठ-पासष्ट पॅनेल. नव्वदच्या पुढे गेलात तर श्वास घ्यायला जागा राहत नाही, आणि चुरशीचं खरं माप म्हणजे पत्ता उचलल्यापासून पडेपर्यंतचा वेळ. खऱ्या डावात तो एक सेकंद असतो. पृष्ठ ४ वर त्याला एक पॅनेल द्या, ७ वर पाच, १२-१३ वर नऊ. नऊच्या वर ताणलं तर वाचक स्वतःच पृष्ठ उलटून टाकतो.

घामाचा प्रश्न

मंगात कानशिलावरून ओघळणारा एक टपोरा थेंब म्हणजे ताण. सोलापूरच्या मे महिन्यात ही खूण कामाची राहत नाही, कारण घाम सगळ्यांनाच येतो, झोपलेल्या काकालाही. दोन्ही घाम एकाच पद्धतीने काढले की वाचकाला कळत नाही नातू घाबरलाय की नुसता उकडतोय.

त्यासाठी दोन वेगळ्या पद्धती ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत मोडू नका. उकाड्याचा घाम बारीक दाण्यांचा: कपाळावर, नाकाखाली, मानेवर, ०.२ च्या पेनाने अर्धगोल दाणे, दहा-पंधरा, बाह्यरेषेच्या आत. ताणाचा थेंब एकच, आठ मिलिमीटर लांब, ०.५ च्या रेघेचा, आत चमकेचा पांढरा डाग, आणि चेहऱ्याच्या बाह्यरेषेबाहेर थोडा आलेला. कूलर चालू असताना, म्हणजे पृष्ठ ९ पर्यंत, दाण्यांचा घाम कुणालाच नाही. त्यामुळे ७ वरचा नातवाचा एकटा थेंब उठून दिसतो. १० पासून दाणे सगळ्यांना, दर पृष्ठाला थोडे वाढवत.

आज्जीला ताणाचा थेंब कधीच नाही. तिचा चेहराही सबंध गोष्टीत एकच. तो एकदा मनासारखा काढा आणि पुढे काचेवर किंवा खिडकीवर कागद धरून छापून घ्या. हात नव्याने काढायला गेला की नकळत ओठांचे कोपरे वर जातात आणि सगळं फुकट जातं. तिच्या भिंगांवर उजेड चमकून डोळे दिसेनासे करायचे ते फक्त तीनदा: ३, ११ आणि १३. भिंग पूर्ण पांढरं ठेवून एक तिरकी रेघ. प्रत्येक पृष्ठावर चष्मा चमकवला तर तो नुसताच पांढरा चष्मा होतो.

नातवाचे भाव उलट, पण फुगे-डोळे, तोंडातून जीभ, डोक्यावरून उडालेले केस असली विदूषकी चित्रं नकोत. त्याचा चेहरा खऱ्या योद्ध्यासारखा काढा: भुवयांखाली सावली, घट्ट जबडा, डोळ्यात छोटी बाहुली. चेहरा मोडून साध्या तीन रेघांचा करायची मुभा एकदाच, पृष्ठ ६ वर छक्की निघाल्यावर. तो एकच असल्यामुळे लागू पडतो.

आवाज

जपानी मंगात अशुभ घडणार असेल तर ‘गोगोगो’ असा घुमणारा आवाज चित्रात लिहितात. आपल्याला तो उसना आणायची गरज नाही. भिंतीपलीकडे माग आहे. ‘खटाक् खट् खटाक् खट्’ पृष्ठ २ ते ९ पर्यंत प्रत्येक पृष्ठाच्या वरच्या कडेने चालू ठेवा. सुरुवातीला बारीक, पाच मिलिमीटर उंचीचा, आणि ७ पर्यंत वीस मिलिमीटरचा. माग काही बदललेला नसतो, नातवाचं ऐकणं बदललेलं असतं. आणि हे कुठेही लिहावं लागत नाही.

मग पृष्ठ १०. ‘खटाक् ख—’ एवढंच, आणि पुढे कोरी पट्टी. शांततेलाही जपानीत लिहिता येणारा आवाज आहे, ‘शीन’. मराठीत आपल्याकडे ‘चिडीचूप’ आहे, पण इथे तोही नको. आठ पृष्ठं चाललेला आवाज तुटला की कोऱ्या कागदालाच कान फुटतात. ज्याने आधी मागाचा आवाज मधे दोन-तीन पृष्ठं विसरून सोडला त्याला इथे काहीच मिळत नाही. हीच या सोळा पृष्ठांतली सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

अक्षरांबद्दल. जपानी अक्षरं सुटी असतात म्हणून एकाखाली एक रचली तरी चालतात. देवनागरी तशी रचली की वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरं विस्कटतात. त्यापेक्षा शिरोरेषेचा फायदा घ्या. ‘फट्’ मधली शिरोरेषा डावीकडे दोन इंच ओढली की तीच वेगाची रेघ होते आणि पत्ता तिच्या टोकाशी आदळतो. ‘सर्र’ लिहिताना शिरोरेषा शेवटाकडे निमुळती करा. ‘घर्र’ची थरथरती, तीन तुकड्यांत. मोठ्या अक्षरांची बाह्यरेषा आधी पेन्सिलने आखून मग आत काळं भरा. थेट ब्रशने लिहिलेला ‘ट’ हमखास ‘ठ’ सारखा भरून जातो.

फुगे आडवे ठेवा. जपानी फुगे उभट असतात, कारण मजकूर उभा असतो. त्या आकारात मराठी घातली की दर ओळीला एकच शब्द मावतो. अक्षराची उंची ए-फोरवर पाच मिलिमीटर, दोन ओळींत तेवढीच जागा, नाहीतर खालच्या वेलांट्या वरच्या उकारांत अडकतात. एका फुग्यात बारा शब्दांच्या वर नको.

नातवाचं गणित आणि बहिणीचं समालोचन

चुरशीच्या मंगात नायक मनातल्या मनात लांबलचक डाव आखतो. ते इथे पूर्ण प्रामाणिकपणे द्या, शेपटी नसलेल्या चौकोनी खणांत, आणि आकडे बरोबर ठेवा. पहिला पत्ता पडला की उरलेल्या ५१ पत्त्यांत त्याच आकड्याचे तीन. ५१ भागिले ३, म्हणजे जुळण्याची शक्यता १७ त १. एखादी सत्ती आधीच पडून गेली असेल तर दोनच उरतात आणि हिशेब बदलतो, म्हणून पृष्ठ ४ ते ६ पर्यंत चुकूनही सत्ती दाखवू नका. नीट पिसलेली ५२ पत्त्यांची गड्डी एकदा पूर्ण पडेपर्यंत सरासरी तीनच्या आसपास जुळण्या होतात. आपल्या गोष्टीत खऱ्या जुळण्या तीनच आहेत, पंजी, सत्ती आणि राजा. आकडा उगाच धरलेला नाही.

पृष्ठ ७ वरचे खण असे: ‘वर सत्ती आहे. दुसरी एकही सत्ती अजून पडलेली नाही. म्हणजे तीन बाहेर आहेत. किमान सतरात एक.’ पुढच्या पॅनेलमध्ये फक्त डोळा. मग: ‘पण माझं पुढचं पान तर वाटतानाच ठरलंय.’ पुन्हा डोळा. ‘तरीही मी ते टाकणार.’ इथे सुळसुळीत शब्द नकोत, शूरवीराची भाषा हवी, कारण मुलाला ती खरीच वाटते आहे.

बहिणीचं काम समालोचन. अशा डावांत बघ्याने वाचकाला गुंतागुंत समजावून सांगायची असते. इथे गुंतागुंत नाही, म्हणून ती दिसतंय तेच सांगते: ‘त्यानं पान टाकलं!’ ‘आज्जीनंबी टाकलं!’ सबंध गोष्टीत चार वाक्यं पुरे. पाचव्याला ती कंटाळवाणी होते.

बोली सोलापुरी ठेवा, पण माणूस बघून. खिडकीतून डोकावणारा मित्र नातवाला म्हणेल, ‘काय करायलास बे? चल की.’ नातू आज्जीला ‘बे’ कधीच म्हणणार नाही. तिथे ‘आज्जी, टाक की.’ आणि आज्जी, सबंध डावात एकदाच, पृष्ठ १२ वर: ‘टाक रे बाळा, ऊन उतरायलंय.’ मित्राचं फक्त डोकं आणि एक वाक्य पृष्ठ ६ वर. तो घरात आला की पाचवा माणूस होतो.

हात, पत्ते, रेघा

पत्त्याचं प्रमाण रुंदी ५, उंची ७. मोठ्या माणसाच्या पंजाच्या साधारण निम्मी पत्त्याची लांबी, मुलाच्या पंजात तो त्याहून मोठा वाटतो. हे प्रमाण चुकलं की आज्जीच्या हातात पत्ता नाही, पोस्टकार्ड आहे असं वाटतं. पाठीवरची जाळी फक्त जवळच्या चित्रात, चारही बाजूंना पांढरी कड सोडून. लांबच्या चित्रात एक राखाडी चौकोन. राजाचा पूर्ण चेहरा दोनदाच, १४ आणि १६ वर. इतरत्र कोपऱ्यातलं अक्षर आणि रंगाची खूण पुरते.

पत्ता तर्जनी आणि मधल्या बोटात धरून झोकात उगारणं नातवाला द्या. आज्जी अंगठ्याला थुंकी लावून पत्ता सरकवते. दोन्ही हालचाली सारख्याच गांभीर्याने, सारख्याच जवळून काढा.

केंद्राकडे धावणाऱ्या रेघांसाठी टाचणी वापरा. पत्ता जिथे आदळतो तिथे टाचणी टोचा, पट्टीची कड तिला टेकवून फिरवत न्या. रेघ बाहेरून आत ओढा आणि टोकाला पेन उचला, म्हणजे ती निमुळती होते. मधली रिकामी जागा लंबगोल ठेवा. रेघा सारख्या अंतरावर आल्या तर उगवता सूर्य दिसतो. पाच-सातचे झुपके करा, मधे फटी सोडा. अशा रेघा तीनच ठिकाणी: ५, ८-९ आणि १४. बाराव्या पृष्ठावर, जिथे सगळ्यात जास्त ताण आहे, तिथे एकही रेघ नको, नुसती उन्हाची पांढरी फरशी.

१४ वरचे ५२ पत्ते मोजून काढायची गरज नाही. पुढे आठ मोठे, वेगवेगळ्या कोनांत, त्यातले दोन नुसती कड दिसणारे. मागे वीसेक लहान चौकोन. बाकी कूलरच्या वाऱ्याच्या वळणदार रेघांत हरवलेले. सगळ्यांचा प्रवास कूलरपासून दूर हवा. पत्ते सगळ्या दिशांनी उडाले तर तो वारा नाही, स्फोट वाटतो, आणि बदामचा राजा काकाच्या बाजेकडे निघालेला दिसत नाही.

राखाडी छटा चिकट टोनने, म्हणजे छापील ठिपक्यांच्या चिकटवायच्या कागदाने, केली असेल तर ७१ टक्क्यांवर झेरॉक्समध्ये ठिपके एकमेकांत मिसळून लाटा उठतात. हाताने तिरक्या रेघा ओढणं जास्त सुरक्षित. संगणकावर करायचं तर क्रिता किंवा मेडिबँग पेंट फुकट मिळतं. ६०० डीपीआय ठेवा आणि छटा शेवटच्या आकारावर टाका, आधी टाकून मग लहान करू नका.

जुळणी

कागदांची मांडणी अशी. पहिला कागद: बाहेर १६ आणि १, आत २ आणि १५. दुसरा: १४ आणि ३, आत ४ आणि १३. तिसरा: १२ आणि ५, आत ६ आणि ११. चौथा: १० आणि ७, आत ८ आणि ९. प्रत्येक जोडीतला पहिला आकडा डाव्या हाताला. झेरॉक्सवाल्याकडे जाण्याआधी कोऱ्या कागदांवर नुसते आकडे लिहून, दुमडून एकदा चाळून बघा. दुसरी बाजू उलटी छापली गेली तर पृष्ठ १३ डोक्यावर उभं राहतं, आणि चूक चारही कागद छापून झाल्यावरच कळते.

स्टेपलरच्या दोन पिना मधल्या घडीवर, वरून आणि खालून चार-चार सेंटिमीटर सोडून. पिना ८-९ वरच्या चित्रातून जाणार आहेत, तेव्हा सत्ती घडीवर नको. ती ९ च्या बाजूला दोन सेंटिमीटर सरकवा. पहिली प्रत हातात आली की १३ वर थांबा आणि ते पृष्ठ उजेडासमोर धरा. कागद ७० जीएसएमचा, म्हणजे पातळ असेल तर मागचा १४ वरचा काळ्या शाईतला राजा आरपार दिसतो. मग १०० जीएसएमवर छापून घ्या.